पंचवीस पर्णिका

१४ जुलै २०१४, सोमवार

आज पुन्हा माळावर. गुडघ्यावर बसून पर्णिका मोजल्या. एका पानाला किती बारीक पानं, एवढंच माझं काम. हॉलिस घडीच्या खुर्चीत, मांडीवर वही नाही, हातात काठी. चव्वेचाळीस वर्षं या माणसाशी संसार केला, पण त्याचं एकही रोपटं मी धड पाहिलं नव्हतं. आता त्याच्या डोळ्यांचं मधलं गेलं. कडेकडेचं दिसतं. म्हणतो, "इमो, तुझे कान दिसतात, चेहरा नाही." मी म्हटलं, बरंच झालं.

त्याच्या पुस्तकात आपल्या काउंटीतली सगळी रानझाडं ओळखायच्या खुणा आहेत. एकच प्रकरण राहिलंय, माळावरच्या क्लोव्हर या रोपांचं. तीन बहिणी, तिघींचीही फुलं जांभळी. भलेभले फसतात.

१५ जुलै

ऊन फार. गेलो नाही. टोमॅटो उतरवले.

१७ जुलै, गुरुवार

माझ्यापुरती टिपून ठेवते, नाहीतर घोळ होतो.

जांभळी – ताठ उभी. पर्णिका तीन किंवा पाच, दोऱ्यासारख्या. चुरगाळली की वास.

लोळणारी – चुनखडीच्या सपाट दगडावर पसरते. देठ तांबूस. पर्णिका पाच-सात. हिला आणि जांभळीला मी तीन दिवस एकच समजत होते.

पानाळ – ही उभीच, पण पर्णिका वीसच्या वर. टोकाला एक सुटी, म्हणून आकडा कायम विषम. ही आपल्याकडे नाही. कधी नव्हतीच, हॉलिस म्हणाला.

फूल तिघींचं सारखंच. कणसाच्या बुडाशी फुलांचं कडं उमलतं आणि रोज थोडं थोडं वर चढतं. फुलाकडे बघायचंच नाही, पानाकडे बघायचं! हे त्याने मला दहादा सांगितलं. अकराव्यांदा सांगितल्यावर म्हटलं, मास्तर, मी तुमच्या वर्गात नाही. तर म्हणतो, असतीस तर नापास झाली असतीस.

२१ जुलै, सोमवार

लिनेटचा फोन. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येते म्हणाली. बाबांचं पुस्तक कुठवर आलं, विचारलं. म्हटलं, तुझे बाबा सांगतात, मी लिहिते, भांडतो दोघंही. खूप हसली.

२४ जुलै, गुरुवार

हॉलिस शिकवायचा त्या कॉलेजातून तिथल्या कॉरीनने खोके आणून दिले. हॉलिसने आयुष्यभर वाळवून कागदांवर चिकटवलेली रोपं. क्लोव्हरचे सगळे एकोणसाठ कागद. पुस्तकात जाण्याआधी एकेक पडताळायचा. मी भिंगातून मोजायचं, त्याने हो म्हणायचं. चिठ्ठ्यांवरचं त्याचं जुनं अक्षर किती सुबक होतं.

आज अकरा झाले. मक्याची भाकरी आणि ताक पुढ्यात तसंच राहिलं.

२८ जुलै, सोमवार

कागद चौतिसावा. चिठ्ठी: जांभळी. मोठ्या रस्त्याच्या आखणीतली जागा, ऑगस्ट १९७९.

मी मोजलं. पंचवीस.

दुसरं पान मोजलं. तेवीस. तिसरं, पुन्हा पंचवीस.

हॉलिसने विचारलं, "किती?" आणि मी म्हटलं, "पाच."

का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून गेलं.

२९ जुलै

तो रस्ता होण्याआधी सरकारने हॉलिसलाच माळ तपासायला लावला होता. दुर्मीळ काही आहे का ते बघा, म्हणून. त्याने लिहून दिलं, काही नाही. मग त्या माळावर डांबर पडलं. आपण चर्चला जातो तो हाच रस्ता. म्हणजे पानाळ आपल्याकडे होती. आणि त्याच्या एका चुकीने गेली.

हे त्याला कसं सांगू? अठ्ठ्याहत्तरी गाठली त्याने. एवढं एकच पुस्तक लिहितोय.

३१ जुलै, गुरुवार

कागद संपले. तो म्हणाला, "आता लिही, पानाळ या काउंटीत आढळत नाही." मी पेन धरून बसले. लिहिलं नाही. त्याला पेनचा आवाज कळतो. "काय झालं?" म्हणाला. म्हटलं, शाई संपली.

२ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं. ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलताना. चौतिसावा कागद, पाच नव्हत्या, पंचवीस होत्या, मी खोटं बोलले.

तो शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, "घाईत होतो त्या दिवशी. चूक झाली. तसंच लिही पुस्तकात, माझ्या नावानिशी." बस, एवढंच. आवाज अगदी शांत. मला रडू आलं, त्याला नाही. एवढा मोठा माणूस, चूक किती सहज पदरात घेतली!

३ ऑगस्ट, रविवार

चर्चमधून येताना त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याच रस्त्यावर, ओढ्याच्या पुलाआधी. उतरला नाही. काच खाली करून बसला. ट्रक जात होते. मी विचारलं, इथेच होती का? मान हलवली.

५ ऑगस्ट, मंगळवार

प्रकरण पुरं झालं. त्या चुकीबद्दलचा परिच्छेद मी त्याला दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा वाच म्हणाला. मग म्हणाला, ठीक आहे, पण समाधान झाल्यासारखा दिसला नाही. लिनेटसाठी माडीवरची खोली झाडली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी कॉफी पिताना म्हणाला, "तो परिच्छेद काढ, इमो. चूक नव्हती. तेव्हा माझे डोळे चांगले होते. मी पंचवीसच मोजल्या होत्या." मग म्हणाला, तेव्हा लिनेट नऊ वर्षांची होती, मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त धुवायला नॅशव्हिलला न्यायचं, जुन्या घाटातून अडीच तास. नव्या रस्त्याने पाऊण.

ती गाडी मीच चालवायचे. रस्ता उघडला त्या दिवशी मी देवाचे आभार मानले होते.

चौतिसाव्या कागदाच्या चिठ्ठीवर आता काय लिहायचं, मलाच विचारतोय. उद्या लिनेट येते. पेन माझ्या हातात आहे.