बाहेरून लावलेली कडी

मंगळवार, ग्लेन वेव्हर्ली

सईला शाळेत भाषण करायचंय, अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या एका मोठ्या वक्त्यावर. आज जेवताना तिने वाचून दाखवलं. स्वातंत्र्यासाठी सभा पेटवणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या भ्रमिष्ट बायकोला घराच्या तळघरात ठेवलं होतं म्हणे. इस्पितळात तिचे आणखी हाल झाले असते म्हणून.

मग तिने विचारलं, "लाइक आजी?"

निखिलने हातातला घास ताटात परत ठेवला. कामावर जाताना आम्ही सासूबाईंच्या खोलीला बाहेरून कडी लावतो. मार्चपासून. त्यांना घरचा रस्ता आठवत नाही, आणि त्या दोनदा एकट्या बाहेर पडल्या होत्या, एकदा तर थेट रेल्वेच्या रुळांपर्यंत. कारण खरं आहे ना?

"ते वेगळं आहे," निखिल म्हणाला.

"हाउ?"

तो उठला आणि स्क्रूड्रायव्हर आणून कडी काढायला लागला. उद्या घरी कोण थांबणार, हे न विचारताच मी सुटलेले स्क्रू गोळा केले.

आवाजाने सासूबाई दारात आल्या. म्हणाल्या, "राहू दे रे. मी आता दार वाजवत नाही."

आम्ही नसताना त्या दार वाजवायच्या. आम्हाला हे आज कळलं.