अहल्येचा हेवा

चिकपेट, बेंगळूरु
रविवार, दुपार

प्रिय अहल्या,

हे नाव मी आज पहिल्यांदाच लिहितोय. आधी अप्पांनी ठेवलेलं नाव लिहायला घेतलं होतं, तर संहिता पाठीमागून म्हणाली, "बाबा, त्या नावानं लिहिणार असाल तर पाठवूच नका." माझी पोरगी मला मायना शिकवते, बघ. आता ती बाहेर गेली आहे, ते बरंच झालं. पुढचं तिनं वाचावं असं नाही. फोन केला असता, पण बोलताना माझा आवाज चढतो आणि सांगायचं राहून जातं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून बेतायच्या टेबलावर कागद पसरून बसलोय.

तुझी वहिनी विमला बरी आहे. गुडघे धरतात, पण माडीचा जिना दिवसातून चारदा चढते आणि प्रत्येक वेळी मला ऐकवते. दुकान चालू आहे, एवढंच म्हणायचं. समोरच्या घाऊक दुकानात तयार ब्लाउज गठ्ठ्यांनी उतरतात. माझ्याकडे लोक येतात ते फॉल लावायला, नाहीतर पॅण्टची चेन बदलायला. परवा एक बाई म्हणाली, "अण्णा, स्वल्प लवकर द्या, एवढंसं तर काम आहे." तीस वर्षं शिवणकाम करून माझ्या वाट्याला आलं ते 'एवढंसं काम'.

तुझ्याकडे मात्र महिन्याभराची रांग असते म्हणे.

मी थोरला. रीतीनं अप्पांची कात्री माझ्या हाती यायची. पण तू तेरा वर्षांचा... वर्षांची असताना खडूची एकही रेघ न मारता कटोरी ब्लाउज बेतलास. (जुन्या गोष्टी लिहिताना हात अडखळतो. तू पहिल्यापासून मुलगीच होतीस असं संहिता सांगते, तेव्हा मी तसंच लिहितो. चुकलं तर सोडून दे.) तो ब्लाउज अप्पांनी गल्लीभर नेऊन दाखवला. परत आल्यावर म्हणाले, "रघू मेहनती आहे. पण कापड बोलतं ते ह्याच्याशी." मी तिथेच काज करत बसलो होतो. 'मेहनती' हा शब्द चांगला असतो असं लोक मानतात. मला तो आजही टोचतो.

एकोणिसाव्या वर्षी तू घर सोडलंस. अप्पांनी तुला माडीवर आईच्या साडीत पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत तुझी पिशवी रस्त्यावर होती. आई दाराला धरून रडत होती. मी काय करत होतो ते तू पाहिलं नसशील. मी तुझ्या मशीनवरचं अर्धवट काम उचलून माझ्या मशीनवर ठेवत होतो.

त्यानंतर एकदाच दिसलीस. के. आर. पुरमच्या सिग्नलला, दहा-बारा वर्षं झाली असतील. मी बसमध्ये होतो, तू गाड्यांच्या मधून टाळ्या वाजवत चालली होतीस. मी मान खाली घातली. खरं सांगू? मला तुझी कीव आली आणि कीव करताना बरंही वाटलं. त्या रात्री जेवण गोड लागलं. म्हटलं, कापड हिच्याशी बोलायचं, आता बोल म्हणावं!

मग ती योजना आली. तुझ्यासारख्यांना सरकारनं सहा महिने शिवण शिकवलं (तुला शिकवणार कोण, शिकवणारीच तुझ्याकडून शिकली असेल), ओळखपत्र दिलं, अनुदानावर कर्ज आणि मशीन दिलं, महिन्याचं मानधन सुरू केलं. ही सगळी हकीकत आपल्या नागोजीमामांनी दुकानात बसून चवीनं सांगितली. मामा गेल्यावर मी जेवताना म्हणालो, "मीही टाळ्या वाजवत हिंडलो असतो तर मलाही फुकट मशीन मिळालं असतं." संहिता ताटावरून उठली. विमलानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण अहल्या, माझं दुःख तरी कुणी विचारलं? मी घर सोडलं नाही, अप्पांचं आजारपण काढलं, आईचं काढलं, दुकान धरून बसलो. माझ्यासारख्याचं नाव कुठल्या योजनेत येतं? हात धरून उठवायला माणूस आधी रस्त्यावर पडलेला लागतो. मी पडलो नाही, नुसता झिजलो.

मागच्या वैशाखात आश्लेषाचं लग्न झालं, माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं. संहिता मोरपंखी ब्लाउज घालून आली आणि मांडवातल्या बायका तिला घेरून विचारायला लागल्या, कुणी शिवला म्हणून. शिंप्याच्या मुलीला हा प्रश्न बापासमोर विचारतात! मी तो शिवला नव्हता. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेला ब्लाउज मी उलटा करून पाहिला. बाहीचा मुंढा पाहिला, आतली जादा ठेवलेली माया पाहिली, पुढे अंग भरलं तर उसवून सोडता यावी म्हणून अप्पा ठेवायचे तशी. ती पद्धत त्यांनी एकालाच दाखवली होती. मी संहिताला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "आत्यानं शिवलाय. दर शनिवारी मी तिच्याकडे शिकायला जाते."

आत्या. आपल्या घरात हा शब्द कधी कुणी वापरलाच नव्हता. मला वाटलं होतं, आम्हाला त्याची गरजच नाही.

पुढच्या शनिवारी मी दुकान बंद करून तिच्या मागोमाग निघालो. मॅजेस्टिकला मेट्रो बदलली, के. आर. पुरमला उतरलो. तुझ्या दुकानासमोर शहाळी विकणारा आहे ना, त्याच्या गाडीच्या आडोशाला अर्धा तास उभा होतो. तुझं दुकान उजेडाचं आहे. तिघीजणी मशीनवर बसल्या होत्या. तू संहिताच्या मागे उभी राहून तिचा हात धरून कापड फिरवत होतीस आणि ती हसत होती. माझ्या दुकानात ती दहा मिनिटं बसत नाही. शहाळेवाला मला म्हणाला, "अक्कांकडे शिवायला द्यायचंय का? आधी नाव लिहून या." शहाळं अर्धं टाकून मी परत फिरलो. सरकारनं तुला मशीन दिलं ते मी कसंबसं पचवलं होतं. माझी मुलगी तुला कुणी दिली?

त्या संध्याकाळी मी तिला रागावणार होतो, तर तीच रडवेली होऊन आली. तुझी खोली सोडायला सांगितली आहे म्हणे. शेजाऱ्यांना तुझ्यासारख्या तिथे नको आहेत. सरकारी घराच्या यादीत तुझं नाव होतं, पण रहिवासाच्या चौकशीत अर्ज अडकला. तू जन्माचा पत्ता म्हणून आपल्या घराचा दिलास आणि तिथून शेरा गेला की अशी कुणी व्यक्ती या घरात जन्मली नाही. संहिता विचारत होती, "बाबा, असं कोण सांगेल?"

ते मीच सांगितलं होतं. गेल्या श्रावणात कचेरीतला माणूस फाइल घेऊन दुकानात आला होता. भला माणूस होता. तुझा फोटो दाखवून त्यानं दोनदा विचारलं, "नीट बघा, घरातलं कुणी नाही ना?" मी हातातल्या टिपेवरची नजर न काढता म्हणालो, "आमच्यात असलं कुणी नाही." त्यानं ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. फोटोत तू हसत होतीस. तुला घरही मिळणार, हे मला सहन झालं नाही. आणि आता लिहायलाच बसलोय तर तेही लिहितो. त्या दुपारी अप्पांना माडीवर मीच पाठवलं होतं. तू साडी नेसून आरशासमोर असतेस हे मला वर्षभर माहीत होतं. घराण्याची अब्रू वगैरे माझ्या मनातही नव्हती. मला फक्त तुझ्या जागी बसायचं होतं.

शुक्रवारी मी कचेरीत जाऊन नवा जबाब लिहून दिला. तिथल्या बाईंनी नातं विचारलं, मी 'सख्खा मोठा भाऊ' असं लिहिलं. त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, पण आधीचा जबाब खोटा कुणी दिला तेही लिहावं लागेल." तेही लिहिलं. येत्या गुरुवारी तुझी सुनावणी आहे आणि तो कागद तुझ्यासमोर वाचला जाईल. चार परक्या माणसांत तुला ते कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. माफी मागत नाही. हेवा अजून गेलेला नाही, मग माफी कुठल्या तोंडानं मागू? गुरुवारी मी बाहेरच्या बाकावर बसलेला असेन. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून, हे तुमचे कोण, असं विचारलं तर तुला वाटेल ते सांग. "ओळखत नाही" म्हणालीस, तरी मी बाकावरून उठणार नाही.

तुझा हेवा करत आलेला, तरी तुझाच,
रघुनंदन अण्णा