दुकान जाऊबाईंच्या नावावर

३ जून

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. काल तुझे थोरले दीर माझ्या दारी अवतीर्ण झाले. त्यांच्या कापडाच्या दुकानात हल्ली माश्यांचाच काय तो राबता. शिवणकाम करणाऱ्या साऱ्या बायका तुझ्या कंपनीच्या ॲपवरून पैसे देतात, आणि ते चालतं समोरच्या दुकानात. तेव्हा आमच्याही दुकानात ते ॲप सुरू करायला बहिणीकडे शब्द टाका, अशी गळ घातली. मी पाणी दिलं. चहा मुद्दाम विसरलो.

तुझे यजमान गेल्यावर बँकेतलं खातं तुझं आणि त्यावरचा मोबाइल नंबर या दीरांचा, हे मात्र विसरलेलो नाही. प्रत्येक ओटीपीसाठी तू त्यांच्या दुकानातल्या डुगडुगत्या स्टुलावर बसायचीस आणि हे ‘उद्या सांगतो’ म्हणायचे. पोरीच्या कॉलेजप्रवेशाची मुदत त्या ‘उद्या’तच बुडाली. संस्कृतच्या तासाला मी क्षमेचे श्लोक घोकून घेतो. या आठवड्यात माझा घसा बसला आहे. त्यांना उंबरा चढू देऊ नकोस.

लोभ आहेच, त्यात थोडा क्रोध कालवून घ्यावा.

दादा

११ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझा घसा असाच बसो. भाऊजींना तीन दिवस ऑफिसात ताटकळत ठेवलं आणि रोज मी ‘उद्या या’ म्हटलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी अर्ज वाचला. दुकान जाऊबाईंच्या नावावर! कर वाचवायला स्वतःच केलेली हुशारी. आमचा नियम मी त्या स्टुलावर बसूनच ठरवला होता : खातं जिचं, नंबर तिचाच. भाऊजींनी आपला नंबर पुढे केला. मी फॉर्म परत केला.

मग जाऊबाई आल्या, एकट्या. मी स्टुलावर बसायचे तेव्हा काउंटरमागे कापडाच्या घड्या घालत त्या सगळं ऐकायच्या. तोंडातून अवाक्षर नाही. त्यांनाही मी माफ केलेलं नाही. पण पर्समधून नवाकोरा फोन काढून त्यांनी हळूच विचारलं, की ओटीपीचा गुप्त आकडा नवऱ्याला सांगावाच लागतो का. मी म्हटलं, देवालासुद्धा नाही. पुढे काय करतील कोण जाणे. तू जाऊन बघ ना.

आशीर्वाद असावेत, हेरगिरीही असावी.

धाकटी

१९ जून

चि. धाकटीस,

आशीर्वाद दुप्पट. वि. वि. हेर जाऊन आला. सदऱ्याचं कापड घेऊन मोबाइलवरून पैसे दिले, तर टुण्ण आवाज झाला जाऊबाईंच्या पर्समध्ये. दीरमहाशय पर्सकडे बघत राहिले. गिरणीचा माणूस पैशांसाठी दारातच उभा होता. त्याला पाठवायचे म्हणून त्यांनी बायकोकडे ओटीपी मागितला, आधी हुकमाने, मग जरा गोडीत.

बाईंनी हातातली घडी पुरी केली. मान वर न करता म्हणाल्या, की उद्या सांगते, तोवर बसा.

बसायला एकच जागा होती. बसले. स्टूल अजून डुगडुगतं.

मला आणखी सदरा नको आहे. तरी उद्या पुन्हा जाणार आहे.

लोभ वाढतो आहेच, कापडही वाढेल.

दादा