दह्याचं पातेलं

उंब्रज. रविवार, जानेवारीतली संध्याकाळ.

गोठ्यामागच्या खोलीत आज आमची गावची प्रयोगशाळा सुरू झाली. निरुपद्रवी जिवाणूंत जेलीफिशचा जनुक घालायचा, ते हिरवे चमकतात का पाहायचं, एवढंच. आठ जण शिकायला आले होते. त्यांच्यासमोर उबवणपेटी उघडली, तर जिवाणूंच्या बशांना खेटून दह्याचं पातेलं. थंडीत विरजण लागत नाही म्हणून आईने काल ठेवलेलं. या आठ जणांच्या जेवणासाठीच.

पातेलं झाकलेलं होतं. तरी मी त्यात ब्लीच ओतलं. "या खोलीतलं काहीही घरात जाणार नाही," असं आईला बजावलं. इथवर बरोबरच होतं ना? पण "अडाण्यासारखं काय करतेस?" हे कशाला बोलले मी? शाळेत घालण्याआधी तिनेच मला घरी अक्षरं शिकवली. हात धुतल्याशिवाय पाटीला शिवू द्यायची नाही. कुणीतरी हसलं. आई निघून गेली.

मघाशी जेवायला गेले, तर माझं ताट अंगणात, कुत्र्याच्या थाळीशेजारी. आई उंबऱ्यात उभी.

"आई, हे काय?"

"तूच म्हणालीस न्हवं, त्या खोलीतलं काय बी घरात यायचं न्हाई. मग तू कशी येतीस?"

"हात धुतलेत गं. दोनदा."

"दही बी झाकल्यालं हुतं."

मी पाणी मागितलं. तिने तांब्या उंच धरून वरून धार सोडली. मी ओंजळ पुढे केली.