टाकीबाहेरचा माणूस

प्रिय छकुली,

तुझं भाषण तीनदा वाचलं. कार्बनच्या त्या नळ्या माझ्यासारख्या सातवी नापासालाही कळल्या, म्हणजे तू जिंकलीस. केसाच्या हजारो पट बारीक नळी, तिला वायूचे मोजके कण चिकटले तरी तिच्यातली वीज बदलते आणि यंत्र ओरडतं. ओलाव्याने, रंगाच्या वासाने फसू नये म्हणून तू तिला लेप देतेस. पण वायू निघून गेला तरी चिकटलेले कण लवकर सुटत नाहीत, नळी तापवावी लागते, हे वाचलं आणि चष्मा काढून बसून राहिलो.

तू पाठवलेलं यंत्र टाक्या धुणाऱ्यांपुढे मिरवलं. फोरमन माझ्याकडे बघून म्हणाला, आता साहेबांच्या कानांना पेन्शन द्या. सगळे हसले, मीही हसलो.

तुझा बाप आणि मी हातगाडीवर पंप घेऊन धंद्याला लागलो, तेव्हापासून पद्धत एकच. आतल्याने दर मिनिटाला पान्याने टाकीला दोनदा ठोकायचं, बाहेरच्याने ऐकायचं. आत तो, बाहेर मी. तो दमलाय की वैतागलाय, हे मला ठोक्यावरून कळायचं. हल्ली भर दुपारी, जेवताना, नळाच्या पाइपातून तेच ठोके येतात. प्लंबर दोनदा येऊन गेला, पाइप ठणठणीत आहे म्हणतो. तुझी काकू आता काही विचारत नाही, उठून रेडिओ लावते.

दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस की टाकीवरचं यंत्र गप्प राहिलं म्हणून तुझे बाबा गेले. सहा वर्षांची असताना तू हे माझ्याच तोंडून ऐकलंस, आणि त्यावर सगळं आयुष्य उभं केलंस.

यंत्र गप्प नव्हतं गं. सकाळपासून केकाटत होतं. पण ते आठवडाभर रंगाच्या वासानेही केकाटलेलं, आणि त्या गोंगाटात मला ठोके ऐकू येईनात. म्हणून मीच त्याचा आवाज बंद केला. आतून तुझा बाप म्हणाला, "बरं केलंस दादा. आता तुला मी ऐकू येईन." त्यानंतर पाच वेळा ठोकलं त्याने. टाकीतला तो सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू वाढला की नाक बधिर होतं, त्याला वाससुद्धा आला नसेल.

परवा सभागृहात ते वाक्य वाचू नकोस. खरं ते सांग, माझं नाव घेऊन सांग. नंतर या घराची पायरी चढली नाहीस तरी मी तुला बोल लावणार नाही. आणि एक. तुझ्या यंत्राच्या डाव्या बाजूला आवाज बंद करायचं बटण आहे. माझ्यासारखी हुशार माणसं ते मागतीलच. देऊ नकोस.

रागावलीस तरी तुझाच,
काका