डाव्या हाताचा मळ

९ फेब्रुवारी
उद्या टाके काढणार. उजव्या मनगटावरची गाठ गेली. फॅमिली डॉक्टर वर्षभर तिला चामखीळ म्हणत होते. निघाला सार्कोमा, म्हणजे कॅन्सर, तोही लाखात एकाला होणारा. सत्ताविसाव्या वर्षी लॉटरी लागली ती ही. फुप्फुसातही एक ठिपका दिसलाय. जुना डाग असेल किंवा कॅन्सर तिथे पोहोचला असेल, एप्रिलमध्ये परत सीटी काढून बघू, असं परळचे मोठे डॉक्टर म्हणाले. मग चार ज्युनिअर बोलावून माझा हात दाखवला. सगळे खूश दिसत होते. संशयास्पद.

ठराव: आई आणि बहीण अक्षता सोडून चाळीत कोणाला कळू द्यायचं नाही. लोक दया करतात. माझा दोस्त दौलत तर कॅरममध्ये मला मुद्दाम जिंकू देईल. तसलं जिंकणं नको. सांगायचं, बाईकवरून पडलो.

१२ फेब्रुवारी
सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्याकडे बाईक नाही. मग कोणाची होती, कुठे पडलास, एकानेही विचारलं नाही. आमच्या चाळीत कुकरच्या शिट्ट्यांचीसुद्धा चौकशी होते. काहीतरी शिजतंय.

१६ फेब्रुवारी
शेजारच्या कौसल्यामावशींकडून डबाभर पाया सूप. या बाईने आजवर वाटीभर साखर दिली नाही. रिडेव्हलपमेंटच्या कागदावर आईची सही हवी असणार. सूप प्यायलो. सही देणार नाही.

फिजिओवाल्या मॅडमनी पिवळा बॉल दिलाय, उजव्या हाताने दाबायला. उद्यापासून.

२ मार्च
विहाराच्या हॉलमध्ये डाव्या हाताने खेळून दौलतला हरवलं! दौलत, जो बँकेच्या टीममधून खेळतो, ज्याने लहानपणापासून मला एक गेम दिला नाही. मी मुळात डावखुराच असणार, शाळेत उजवा केला. आईला विचारलं. नाही म्हणाली. तिला आठवत नसेल.

९ मार्च
परत हरवलं. क्वीन पॉकेटच्या तोंडाशी होती, आंधळ्यानेही घेतली असती. याने चुकवली. स्ट्रायकर कसा धरावा ते शेवटी मीच शिकवलं. म्हणाला, बरोबर बोलतोस हर्ष्या. दौलत असं कधी बोलत नाही. घरी टेन्शन असणार.

बॉल उद्यापासून. तसा डावा पुरेसा आहे.

२३ मार्च
रोज सकाळी रेडिएशनला जातो. चाळीत सांगितलंय, बाईकची पोलीस केस चालू आहे, रोज हजेरी लागते. खपलं. खपलं कसं?

अक्षता गॅलरीत फोनवर कुजबुजते, मी जवळ गेलो की ठेवते. आज स्क्रीनवर नाव वाचलं. दौलत! म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीशी भानगड, आणि म्हणून याचा नेम चुकतो. बिचारा. दया म्हणून काही मी गेम सोडणार नाही. जयंतीच्या कॅरम स्पर्धेत नाव दिलं. कप ठेवायला टीव्हीवरची फुलदाणी हलवायला आईला सांगितलं.

८ एप्रिल
सीटी काढला. मशीनवाल्याचा चेहरा पडलेला वाटला. नंतर बघितलं, सगळ्यांशी तो तसाच बोलतो. तरी भीती वाटते. खूप वाटते. आईला म्हटलं, भूक नाही. तीही जेवली नाही. सूप मात्र आलं.

११ एप्रिल
आज रिपोर्ट. अक्षता आणायला गेली, मी मॅचला. समोर दौलत. पहिला बोर्ड मी घेतला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला. आला तो तोंड धुऊन, डोळे लाल. त्यानंतर या माणसाने मला एक सोंगटी घालू दिली नाही. बोर्डमागून बोर्ड. वर ओरडत होता, अरे बाईकवाल्या, हात आहे की पाय? अख्खा हॉल हसला. कौसल्यामावशी तर हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या. माझी नाचक्की बघून! तरातरा निघून आलो.

नळावर हात धुताना ट्यूब पेटली. फोन अक्षताचा होता. माझा रिपोर्ट माझ्याआधी चाळीला कळला होता. म्हणजे सगळ्यांना पहिल्यापासून सगळं माहीत. म्हणजे मी एकही गेम जिंकलो नव्हतो. नळ चालू ठेवून रडलो. हरून इतका आनंद कधी झाला नव्हता.

अक्षता आली. ठिपका वाढलेला नाही, जुना डाग आहे, असं डॉक्टर म्हणाले. तीन महिन्यांनी परत बघायचं. दौलतच्या भानगडीबद्दल विचारलं. म्हणाली, भानगड तुझ्या डोक्यात आहे. आई आत जाऊन दोन ताटं वाढायला लागली. टीव्हीवर फुलदाणी परत आली.

पिवळा बॉल शोधला. कॉटखाली गेलाय. उद्या काढतो.

संध्याकाळी सूप आलं नाही. मावशींनी त्यांचा डबा तेवढा परत मागितला.