साबणाचा हात

३ मार्च
आजही हिरवे! एकूण एक फुगे हिरवे!
चरबीच्या पातळ पडद्याचे हे फुगे म्हणजे आमच्या नकली पेशी. औषधाला चमकणारा रंग जोडायचा; एकटा रंग आत शिरत नाही. औषध आत शिरलं तर फुगा सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा, नाहीतर काळा. दोन वर्षं मी काळेच बघत आले, आणि आता एकदम सगळे हिरवे? माझ्या मार्गदर्शक मॅडम खूश. म्हणाल्या, लेख लिहायला घे. मला नाही पटत. पाणी कुठेतरी मुरतंय.

४ मार्च
लांबूवर डोळा ठेवायला हवा. शेजारच्या टेबलावरचा. हल्ली न सांगता माझ्या काचेच्या बाटल्या धुऊन ठेवतो. स्वतःचा चहाचा कप महिना महिना न धुणारा माणूस! इतका पुळका कशापायी?

५ मार्च
लेखाचा मसुदा मॅडमना दिला. नावं तिघांची — त्या, मी आणि लांबू. बजावलं — पुन्हा तपासल्याशिवाय पाठवू नका.
आई शेजारीपाजारी सांगत सुटलीय, लेकीनं औषध शोधलं. जरा दम धर म्हटलं, तर रुसली.

९ मार्च
मुद्दाम कोऱ्या बाटल्या वापरल्या. सगळे फुगे काळे! मग लांबूने धुतलेल्या बाटलीत औषध न घालता नुसताच रंग टाकला. हिरवे! म्हणजे औषध शिरतच नव्हतं, पडद्यांनाच भोकं पडली होती. त्याने धुतलेल्या दुसऱ्या बाटलीत पाणी घालून हलवलं, तर फेस. साबण! चरबीच्या पडद्याचा तो काळच. बाटल्यांना साबण लावायचा नाही, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात.
भांडायच्याच तयारीने गेले. लांबू मान खाली घालून म्हणाला, "मॅडमनी सांगितलं, साबणाने धू. मला कळत होतं गं. पण माझ्या नोकरीची मुदत वाढवणं त्यांच्या हातात आहे."
खोटं बोलत असेल. बोलत असू दे देवा.

१० मार्च
मॅडमना सरळ विचारलं. आवाज अगदी साखरेत घोळलेला. नुसत्या रंगाचा प्रयोग तुला कुणी सांगितला होता, म्हणाल्या. मी म्हटलं, हा लेख जाता कामा नये. हसल्या, आणि मला चहा विचारला. चहा न घेता तशीच उठून निघाले. रागाने.

११ मार्च
लेख केव्हाच गेलाय. लेखक दोनच — मी आणि लांबू. मॅडमनी स्वतःचं नाव काढून टाकलंय. उद्या साबण उघडा पडला, तर खोटे आम्ही दोघंच.